उचलायचं नाही: वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

नव्या मावशींना किंवा मामांना पहिल्या दिवशी सांगितलं जाणारं पहिलं काम बहुतेक वेळा हेच असतं: "पाच नंबरच्या आजी खाली घसरल्यात, जरा वर घ्या." ऐकायला किरकोळ. आपण उशाशी उभे राहतो, आजींच्या काखेत हात घालतो, श्वास रोखतो आणि ओढतो. आजी वीतभर वर येतात आणि जेवणापर्यंत पुन्हा घसरतात. चार खाटांचं मिळून एका पाळीत हे दहा-बारा वेळा होतं. मग दोन-तीन महिन्यांनी एके सकाळी चूळ भरायला वाकताना कमरेत उसण भरते. घरचे विचारतात, काय उचललंस? आपण म्हणतो, काही नाही हो, नुसती वाकले होते.

माझंही असंच झालं. नर्सिंग करून मी एका केंद्रात लागले होते. रात्रपाळीला मी आणि एक मावशी, दोन मजले मिळून 18 खाटा. अर्धांगवायू झालेले एक आजोबा खुर्चीतून घसरू लागले आणि मी एकटी त्यांना पेलायला धावले. आजोबांना खरचटलंसुद्धा नाही. मी सहा आठवडे घरी, बिनपगारी. तेव्हापासून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन जे सांगते, ते इथे लिहिते आहे. माणूस उचलायचा नसतो. त्याला सरकवायचं, वळवायचं, टेकू द्यायचा, त्याच्याकडून होईल तेवढं त्यालाच करू द्यायचं. यातलं काहीच जमत नसेल तर यंत्र आणायचं.

"गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा" हे तुम्ही ऐकलेलं असेल. ते ऐकलेल्यांच्याही कमरा जातात, कारण हा नियम खोक्यांसाठी आहे. खोकं छातीशी धरता येतं, त्याला कड असते, ते घाबरून तुमच्या गळ्याला मिठी मारत नाही.

आधी वजनाचा हिशोब

अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेतले थॉमस वॉटर्स यांनी 2007 साली रुग्ण हलवण्याच्या कामासाठी एक मर्यादा सुचवली: 35 पौंड, म्हणजे साधारण 16 किलो. तीही केव्हा, तर समोरचा माणूस ऐकतो आहे, अचानक हिसका देणार नाही आणि आपल्याला त्याच्या अगदी जवळ उभं राहता येतं आहे, तेव्हा. हात लांब करून किंवा कंबर पिळून काम करायचं असेल तर मर्यादा आणखी खाली येते.

आता आपल्या आजींचं वजन धरू 55 किलो. दोघींनी मिळून उचललं तरी प्रत्येकीच्या वाट्याला 27-28 किलो येतात. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण 30 किलोचा असतो. तो कुणी पलंगावर ओणवं होऊन, हात लांब करून, दिवसातून बारा वेळा उचलत नाही. माणसाचा एक पाय त्याच्या एकूण वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका असतो, म्हणजे 70 किलोच्या आजोबांचा एक पाय 11-12 किलोचा. मलमपट्टी करताना तो धरून ठेवता येईल. दोन्ही पाय एकदम उचलले की मर्यादा ओलांडलीच.

दुसरा आकडा पाठीच्या आतला आहे. जर्मनीत उल्म नावाचं शहर आहे. तिथल्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या मणक्यांमधल्या गादीत दाब मोजणारं उपकरण बसवलं आणि 1999 मध्ये निष्कर्ष छापले. सरळ उभं असताना दाब होता 0.5 मेगापास्कल (हे दाब मोजायचं माप). हातात काहीही न घेता नुसतं पुढे वाकल्यावर 1.1, म्हणजे दुपटीहून जास्त. 20 किलो वजन गुडघे वाकवून उचलल्यावर 1.7 आणि पाठ गोल करून उचलल्यावर 2.3. प्रयोग एकाच माणसावर होता हे खरं, पण त्यातला नुसतं वाकण्याचा आकडा मी सगळ्यांना पाठ करायला लावते. नुसतं वाकणंही ओझंच आहे. डायपर बदलणं, पाठ पुसणं, चमच्याने भरवणं, नखं कापणं या कामांत आपण काहीच उचलत नाही, पण बुटक्या पलंगावर दहा-दहा मिनिटं ओणवं राहतो. कंबर झिजते ती तिथेच.

आणि मणक्यांमधली गादी रात्रभराच्या झोपेत पाणी शोषून फुगते, त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात वाकणं तिला जास्त जड जातं. आपल्याकडे सगळ्यात जास्त ओढाताण नेमकी सकाळी सहा ते आठमध्ये. शक्य असेल तर पाळीची सुरुवात औषधं, तोंड धुणं, चहा अशा उभ्याने होणाऱ्या कामांनी करा, आंघोळी आणि चादरी नंतर.

हात लावण्याआधी

खोलीत शिरल्यावर पहिलं अर्धं मिनिट काहीच करू नका. बघा आणि बोला.

आजींना विचारा, "आजी, आता आपण खुर्चीत बसायचं का?" उत्तर येतं का, अर्थाचं येतं का, ते ऐका. काल स्वतः उठलेल्या आजी आज उठतीलच असं नाही. रात्री झोपेची गोळी दिली असेल, लघवीचा संसर्ग झाला असेल, ताप असेल तर त्या एका रात्रीत कापसाच्या बाहुलीसारख्या ढिल्या होतात. कंपवाताच्या पेशंटची गोळी भरात असताना ते जवळजवळ स्वतः चालतात आणि गोळीची वेळ टळली की खिळल्यासारखे उभे राहतात. म्हणून त्यांची आंघोळ गोळीच्या वेळेनुसार ठरवा, तुमच्या सोयीने नको.

मग तीन गोष्टी करायला सांगा. माझे दोन्ही हात दाबा. एकेक गुडघा सरळ करून पाय वर धरा. गुडघे वाकवून कंबर जरा उचला. तिन्ही जमलं तर तुमच्या टेकूवर उठणं बहुधा जमेल. एकाच बाजूने जमलं तर दोन माणसं आणि पट्टा, म्हणजे पेशंटच्या कमरेला बांधून आपण धरायचा तो. काहीच जमलं नाही, किंवा सांगितलेलं कळतच नाही, तर उभं करण्याचा प्रयत्नच करायचा नाही. लिफ्ट, म्हणजे माणसाला झोळीत घेऊन उचलणारं यंत्र, नाहीतर आज पलंगावरच सगळं.

खाटेच्या डोक्याशी प्रत्येकाची ही माहिती लिहिलेली हवी: स्वतः, एकजण, दोघे, लिफ्ट. चार शब्दांचा कागद पुरतो. पहिल्या दिवशी तो दिसला नाही तर सिस्टरांकडे मागा. वाचता न येणाऱ्या मावशींसाठी आम्ही रंगीत टिकल्या लावायचो: हिरवी, पिवळी, केशरी, लाल. कपाळाच्या टिकल्यांचं पाकीटच आणलं होतं.

तुमच्या स्वतःच्या तयारीचंही सांगते. मागे पट्टा नसलेली चप्पल घालून हे काम करू नका. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, ती चाकात अडकते आणि घाबरलेले हात सगळ्यात आधी तीच पकडतात. बांगड्यांनी म्हाताऱ्या माणसाची कागदासारखी कातडी सोलते.

पलंग

हँडल फिरवून वर-खाली होणारा पलंग असेल तर तो प्रत्येक वेळी फिरवा. डायपर, पाठ, चादर अशी कामं करताना गादी तुमच्या कमरेइतकी उंच हवी. आजींना उतरवताना मात्र पलंग त्यांच्या मापाचा करा, पाऊल पूर्ण जमिनीला टेकलं पाहिजे. हँडल फिरवायला अर्धा मिनिट लागतो म्हणून सगळे तो टाळतात. मी नव्या मुलींना सांगते, हा अर्धा मिनिट तुमच्या पगाराचाच आहे.

बऱ्याच ठिकाणी पलंग साधा लोखंडी असतो, उंची ठरलेली. मग एक गुडघा गादीवर टेका. दिसायला बरं दिसत नाही, पण कमरेतून वाकण्याऐवजी तुम्ही आजींच्या जवळ जाता आणि भार मांडीवर येतो. गुडघ्याखाली स्वच्छ टॉवेल घ्या. भरवताना खुर्ची ओढून बसा. बसून काम केलेलं पाहिलं की काही सुपरवायझरांच्या कपाळाला आठ्या पडतात, पडू द्या.

चाकं असलेल्या पलंगाचे ब्रेक दरवेळी पायाने दाबून खात्री करा. झाडू मारताना कुणीतरी ते सोडलेले असतात.

आणखी एक गोष्ट, जी मला कामाला लागल्यावर पाच वर्षांनी एका वॉर्डातल्या मामांनी शिकवली. माणूस पलंगात खाली घसरतो कारण आपण आधी डोक्याकडची बाजू उचलतो. उतारावर ठेवलेली वस्तू घसरणारच. दोन हँडलचा पलंग असेल तर आधी गुडघ्यांकडचं हँडल थोडं फिरवा आणि मगच डोकं वर करा. साधा पलंग असेल तर गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर द्या, पण कायमची नको, जेवणापुरती. घसरणंच कमी झालं की ओढणं कमी होतं. पुढे सांगितलेल्या सगळ्या तंत्रांपेक्षा याने माझ्या मुलींच्या कमरा जास्त वाचल्या असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

वर सरकवणं

हे काम एकट्याने करायचं नाही. दुसरं माणूस येईपर्यंत आजी खाली घसरलेल्या राहिल्या तरी चालतात, गुदमरत नसतील तर.

नळीने फीड चालू असेल तर ते थांबवा आणि सिस्टरांना विचारल्याशिवाय पलंग सपाट करू नका. फीड किंवा जेवण नुकतंच झालं असेल तर थांबा, उलटी श्वासात जाऊ शकते. धाप लागणाऱ्या पेशंटला सपाट करणं कमीत कमी वेळाचं असू द्या. मग उशी काढून पलंगाच्या डोक्याकडच्या कठड्याशी उभी लावा, म्हणजे डोकं आपटणार नाही.

आजींच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत पुरेल अशी ड्रॉशीट, म्हणजे सरकवण्यासाठी घातलेली आडवी चादर, खाली असली पाहिजे. त्यांचे हात छातीवर, हनुवटी छातीकडे, गुडघे वाकलेले आणि तळवे गादीवर रोवलेले. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला जोडीदार. ड्रॉशीटच्या कडा गुंडाळत अगदी आजींच्या अंगाला लागेपर्यंत आणा, एक मूठ खांद्याशी, दुसरी कुल्ल्याशी. पलंगाकडे तोंड करून उभं राहू नका, डोक्याच्या दिशेने तिरपे व्हा, एक पाऊल पुढे, एक मागे. कोपरं अंगाला चिकटलेली. "एक, दोन, तीन" म्हणताना "तीन"ला आजींनी पायाने रेटा द्यायचा आणि तुम्ही मागच्या पायावरचा भार पुढच्या पायावर टाकायचा. हाताने ओढायचं नाही, अंग पुढे गेलं की चादर आपोआप जाते. विहिरीवर रहाट ओढलेल्या बाईला हे पटकन कळतं, जिममध्ये जाणाऱ्या मुलाला वेळ लागतो.

अंक कोण मोजणार ते आधी ठरवा आणि "तीनला" की "तीननंतर" तेही. हसू नका, अर्ध्या उसणी याच गोंधळात भरतात. एकीने ओढलं, दुसरीने नाही, आणि सगळा भार एका खांद्यावर.

स्लाइड शीट असेल तर ती ड्रॉशीटच्या खाली घाला. गुळगुळीत नायलॉनची ही दुहेरी चादर म्हणजे या कामातलं सगळ्यात स्वस्त यंत्र. तिच्यावर माणूस इतका सहज सरकतो की कातडी घासून बेडसोर होण्याचा धोकाही कमी होतो. काम झालं की काढून घ्या, विसरलात तर आजी त्याच चादरीवरून थेट जमिनीवर जातील. हवेची गादी असेल तर सरकवण्यापुरती ती कडक करण्याचं बटण पंपावर आहे का ते पाहा, मऊ गादीत माणूस रुततो आणि दुप्पट जोर लागतो.

कूस आणि उठून बसणं

दर दोन तासांनी कूस बदलायची असेल तर रात्रीत एका माणसाला पाच-सहा वेळा. इथे एकच लक्षात ठेवा, आपल्याकडे वळवायचं, पलीकडे ढकलायचं नाही. ज्या बाजूला वळवायचं तिथे उभे राहा. आजींचा लांबचा हात छातीवर, लांबचा गुडघा वाकवून ठेवा. एक तळवा पलीकडच्या खांद्यामागे, दुसरा पलीकडच्या कुल्ल्यामागे, आणि तुम्ही मागच्या पायावर टेकत जा. वाकलेला गुडघा तरफेसारखा वळतो, बाकीचं अंग त्याच्यामागे येतं. पलीकडचा कठडा वर आहे ना, ते आधी पाहिलेलं असू द्या.

झोपलेल्याला बसवताना हात धरून समोर ओढायची आपल्या सगळ्यांना सवय. त्यात आजींच्या खांद्याला इजा होते आणि तुमच्या कमरेलाही. आधी कुशीवर वळवा. पाय पलंगाखाली सोडा. पाय खाली जात असतानाच खांद्याखाली हात घालून धड वर आणा. तराजूचं एक पारडं खाली गेलं की दुसरं वर येतं, तसंच. मग एक-दोन मिनिटं कडेला बसू द्या. वयस्कर माणसाचं ब्लडप्रेशर अचानक उठल्यावर उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ते थेट तुमच्या अंगावर कोसळतात.

पलंगावरून खुर्चीत

इथे ओळीने लिहिते, कारण क्रम चुकला की पडझड.

1. व्हीलचेअर आजींच्या चांगल्या बाजूला लावा, पलंगाशी थोडी तिरकी. लुळी बाजू डावी असेल तर खुर्ची उजवीकडे.
2. दोन्ही ब्रेक लावा. पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा किंवा काढा. खुर्चीचा पलंगाकडचा हात निघत असेल तर काढा.
3. आजींच्या पायात घसरणार नाहीत अशा चपला. नुसत्या मोज्यांवर कधीच नाही.
4. आजींना कडेपर्यंत पुढे सरकवा, एकदा डावा कुल्ला, एकदा उजवा, चालल्यासारखं. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे.
5. कमरेला पट्टा बांधा. कपड्याला, नाडीला किंवा काखेला धरायचं नाही. आजींचे हात तुमच्या कमरेवर किंवा खुर्चीच्या हातावर, गळ्यात नाही. गळ्यात हात पडला की त्यांचं सगळं वजन तुमच्या मानेला लोंबकळतं.
6. तुमचा गुडघा त्यांच्या अशक्त गुडघ्यासमोर टेकवा, तो दुमडणार नाही.
7. पुढे झुकायला सांगा. नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं पाहिजे. नव्या माणसाला वाटतं पुढे झुकले तर पडतील, पण मागे रेललेलं माणूस उभं करणं म्हणजे भिंत उपटणं. दोन-तीन वेळा डोलवा आणि "तीन"ला उभं करा.
8. उभं राहिल्यावर थांबा. मग छोट्या पावलांनी वळा, दोघांनी. तुमची पावलं वळली पाहिजेत, कंबर पिळायची नाही.
9. गुडघ्यांमागे खुर्ची लागली की आजींना हात मागे नेऊन खुर्चीचा हात शोधायला सांगा. मगच हळूहळू टेकवा. तुम्ही गुडघ्यातून खाली जा.

मध्येच आजी म्हणाल्या "नको, नको", तर परत पलंगावर बसवा. विस्मरणाचा आजार असलेल्यांना घाई कळत नाही, फक्त धरलेलं कळतं. ते झटापट करतात आणि झटापटीत इजा आपल्याला होते. समोरून या, नाव घेऊन बोला, नाही ऐकलं तर दहा मिनिटांनी पुन्हा या. आमच्याकडचे एक काका सकाळी आंघोळीला उठायचे नाहीत, पण रेडिओवर अभंग लागले की स्वतः चपला शोधायचे. आम्ही आंघोळीची वेळ अभंगांना जोडून टाकली.

बाथरूमबद्दल थोडक्यात. जागा अरुंद, फरशी ओली, साबण, आणि उंबरठा. तिथे माणूस उभं करून वळवणं टाळा. पलंगावरूनच चाकाच्या कमोड खुर्चीत बसवा आणि त्याच खुर्चीतून संडास आणि आंघोळ दोन्ही उरका. उंबरठ्यावरून खुर्ची उलटी, मागच्या चाकांवर घ्या. हलकी प्लास्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर वापरू नका, तिचे पाय फाकतात.

पडताना आणि पडल्यावर

पडणाऱ्या माणसाला पेलू नका. हे वाचायला निष्ठुर वाटेल. मी पेललं होतं, वर लिहिलंच आहे. जवळ असाल तर मागे सरका, एक पाय पुढे करा, त्यांना पट्ट्याने धरून तुमच्या मांडीवरून घसरत खाली जाऊ द्या, डोकं तेवढं सांभाळा. लांब असाल तर फक्त वाटेतली खुर्ची, टेबल बाजूला करा.

खाली पडल्यावर लगेच उठवायचं नाही, नातेवाईक कितीही ओरडले तरी. उशी द्या, पांघरूण घाला, सिस्टरांना बोलवा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अॅम्ब्युलन्स. 108 पाठ असू द्या.

इजा नसेल आणि आजींना कळत असेल तर त्यांनाच उठू द्या. कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर, समोर भक्कम खुर्ची, तिच्यावर दोन्ही हात, चांगला पाय पुढे रोवून वर, मागून दुसरी खुर्ची. तुम्ही बोलायचं, खुर्च्या सरकवायच्या. हे जमत नसेल तर लिफ्ट. लिफ्ट नसेल तर जाड चादर खाली सरकवून चार माणसांनी, गुडघ्यावर बसून, मोजून. दोघांनी हात-पाय धरून पोत्यासारखं उचलणं मी पाहिलेलं आहे आणि त्यानंतरचे एक्स-रेही पाहिलेले आहेत.

लिफ्टबद्दल, आणि मालकांबद्दल

1999 मध्येच अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात पेशंट हलवण्याच्या निरनिराळ्या पद्धती मोजल्या गेल्या. दोघांनी मिळून हलवतानाही मणक्यावरचा भार सुरक्षित पातळीच्या वर जात होता. 2004 मध्ये सहा नर्सिंग होममधल्या अभ्यासात असं दिसलं की लिफ्ट, प्रशिक्षण आणि "हाताने उचलायचं नाही" असा नियम एकत्र आणल्यावर दुखापतींचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आणि यंत्रांवरचा खर्च तीन वर्षांच्या आत भरून निघाला. मालकांशी बोलायची वेळ आली तर हा शेवटचा भाग आधी सांगा.

लिफ्ट वापरताना दोघं हवेत, एक यंत्राशी, एक माणसाशी. झोळीची शिवण प्रत्येक वेळी तपासा, चिरलेली झोळी सिस्टरांकडे द्या, खुंटीला परत नको. झोळीचं माप आणि लिफ्टच्या लेबलावरचं वजन बघा. उचलताना खुर्चीचे ब्रेक लावलेले, पण बहुतेक फिरत्या लिफ्टचे ब्रेक सोडलेले असतात, म्हणजे यंत्र स्वतःचा तोल साधतं. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचून घ्या. पहिल्यांदा तुम्ही स्वतः झोळीत बसा. अधांतरी लटकताना काय वाटतं ते कळलं की आजींशी बोलण्याचा सूर बदलतो.

कमरेचा पट्टा, तो मेडिकलमध्ये मिळणारा लंबर बेल्ट, बांधून कामाला येऊ नका. वॉटर्स यांच्याच संस्थेने 1994 मध्ये तपासून सांगितलं होतं की निरोगी माणसाची दुखापत त्याने टळते याला पुरावा नाही. उलट पट्टा बांधलेली मुलगी स्वतःला बलवान समजते आणि तिलाच जास्त बोलावलं जातं.

दुखलं तर

त्याच दिवशी सांगा, त्याच दिवशी नोंदवहीत लिहायला लावा: तारीख, वेळ, कोणती खाट, कोणतं काम, सोबत कोण होतं. उद्या बरं वाटेल म्हणून राहिलेली नोंद नंतर कुणी मानत नाही. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत आणि संस्थेची ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नोंदणी असेल तर कामावरच्या दुखापतीने घरी बसण्याच्या काळात पगाराच्या 90 टक्क्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत रोजावर आलेल्यांना बहुतेक वेळा हे कवच नसतं, म्हणून लागतानाच विचारून घ्या, नंतर विचारायला लाज वाटते.

साध्या उसणीत अंथरूण धरू नका. झेपेल तेवढं चाला, गरम शेक घ्या, वाकणं-ओढणं काही दिवस बंद. गावाकडे पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. पाय नुसता टेकवण्यापुरता असेल तर माझी हरकत नाही, पण पाठीवर उभं राहून "मणका बसवणाऱ्या" माणसाकडे जाऊ नका. कळ पायातून घोट्यापर्यंत उतरत असेल तर डॉक्टर. आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, पावलातला जोर गेला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात. मणक्यातल्या नसांवर दाब आलेला असू शकतो आणि तिथे तास मोजावे लागतात.

परत कामावर आलात की पहिले काही दिवस लाल टिकलीच्या खाटा मागू नका, दिल्या तर दुसरं माणूस मागा. ते येईपर्यंत आजींजवळ खुर्ची घेऊन बसा, पाणी हवंय का विचारा.